टॉमस ड्यूई (१९०२–१९७१)

टॉमस ड्यूई हे नाव आपण ऐकले असेल, तर बहुधा एका पराभवामुळेच. न्यूयॉर्कमधील संघटित गुन्हेगारांवर खटले चालवून नावारूपास आलेले हे वकील पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. १९४४ मध्ये रूझवेल्ट यांच्याकडून पराभव पत्करूनही महायुद्धोत्तर १९४८ च्या निवडणुकीसाठी त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी पुन्हा मागितली. मिनेसोटाचे तरुण माजी गव्हर्नर हॅरॉल्ड स्टॅसेन तेव्हा विस्कॉन्सिन व नेब्रास्का येथील प्राथमिक निवडणुका जिंकून पुढे सरसावले होते. ऑरेगनमधील मतदानापूर्वी या दोघांचा वाद नभोवाणीवरून प्रसारित झाला. कम्युनिस्ट पक्षावर कायद्याने बंदी घालावी, असे स्टॅसेन यांचे प्रतिपादन. ड्यूई यांनी ते ठामपणे खोडून काढले. कम्युनिस्टांविषयीच्या भयाने ग्रासलेल्या त्या काळात ही भूमिका सोपी नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावे. त्यांनी ऑरेगन जिंकले, उमेदवारीही मिळवली. ट्रुमन यांच्याशी लढताना मात्र विजय गृहीत धरून त्यांनी वादाचे प्रश्न टाळले. भाषणे गुळगुळीत झाली. शिकागोच्या एका दैनिकाने तर त्यांचा विजय छापूनही टाकला! प्रत्यक्षात ट्रुमन यांना ३०३, ड्यूई यांना १८९ निर्वाचक मते मिळाली. १९५२ मध्ये त्यांनी आयझेनहॉवर यांच्या उमेदवारीसाठी कष्ट घेतले. स्वतः पुन्हा उभे राहिले नाहीत.