निकोलाओ मनुची : व्हेनिसचा प्रवासी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याविषयी ज्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे, त्यांत निकोलाओ मनुची या इटालियन माणसाचे नाव महत्त्वाचे आहे. शिवचरित्राच्या वाचकांनाही हे नाव परिचित आहे. त्याचे आयुष्य आपल्या तरुणांनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी जाणून घ्यावे असे आहे.

मनुचीचा जन्म सुमारे १६३८ साली व्हेनिस येथे झाला. त्याआधी थोडीच वर्षे, १६३०-३१ मध्ये, त्या शहरावर प्लेगची भयंकर साथ येऊन गेली होती. सुमारे ४६ हजार माणसे, म्हणजे नगरीतील जवळजवळ तिसरा हिस्सा, तीत दगावली. साथ सरल्यावर व्हेनिसकरांनी देवाचे उपकार मानून एक भव्य मंदिर बांधावयास घेतले. मनुची लहानाचा मोठा झाला तो हे काम चालू असताना. बाहेरून आलेली जहाजे व माणसे चाळीस दिवस वेगळी ठेवण्याची रीत व्हेनिसकरांना ठाऊक होती. इटालियन भाषेत चाळीसला क्वारांता म्हणतात. आपल्या तोंडी असलेला क्वारंटाईन हा शब्द त्यावरूनच आला.

१६५३ साली, अवघ्या चौदा-पंधरा वर्षांचा असताना, मनुची घर सोडून एका जहाजावर लपून बसला. त्याच जहाजावरील बेलोमाँट नावाच्या इंग्रज सरदाराने त्याला आश्रय दिला. तुर्कस्तान व इराणमार्गे ते दोघे १६५६ च्या आरंभी सुरतेस पोहोचले. तेथून आग्र्यास जाताना ग्वाल्हेर लागले. डोंगरावरचा बळकट किल्ला, तेथे कैदेत पडणारे राजबंदी आणि गावात राहणारे पुष्कळ गवई यांची नोंद मनुचीने केली आहे. पुढे थोड्याच दिवसांत, दिल्लीच्या वाटेवर, बेलोमाँट वारला आणि मुलगा परक्या देशात एकटा पडला.

बादशहाचा वडील पुत्र दारा शुकोह याने त्याला तोफखान्यात दरमहा ८० रुपयांवर नोकरी दिली. १६५८ साली सामूगढला दाराचा पराभव झाला, तरी मनुचीने त्याचा पक्ष सोडला नाही. दारा मारला गेल्यावर औरंगजेबाची चाकरी त्याने नाकारली. दाराचे दोन्ही पुत्र ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाले. थोरला सुलेमान १६६२ मध्ये तेथेच मरण पावला. ज्या घराचे अन्न खाल्ले त्याचा असा शेवट मनुचीला पाहावा लागला.

१६६५ साली तो मिर्झाराजे जयसिंगाच्या सैन्यात होता. तेव्हा पुरंदराच्या तहाच्या वेळी छावणीत त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्याला वकील म्हणून संभाजी महाराजांकडे पाठविले.

मधल्या काळात लाहोरात तो वैद्य म्हणून नावारूपाला आला. रीतसर शिक्षण नव्हतेच. पाहून व अनुभवाने तो शिकला. नंतर शहाजादा शाहआलमच्या पदरीही त्याने वैद्यकी केली. १६८६ साली तो मद्रासला गेला व तेथे त्याने एका विधवेशी विवाह केला. त्यांचे मूल बालपणीच गेले.

उतारवयात त्याने मोगलांचा इतिहास लिहविला. जसे लेखनिक मिळाले तशी भाषा बदलली. म्हणून ग्रंथाचा काही भाग इटालियन, काही पोर्तुगीज, तर काही फ्रेंच भाषेत आहे. त्याने फ्रान्सला पाठविलेल्या हस्तलिखिताच्या आधारे कात्रू नावाच्या पाद्र्याने १७०५ मध्ये स्वतःचेच पुस्तक छापले. मनुचीला याचा फार संताप आला. पण लेखणी खाली न ठेवता त्याने दुसरी प्रत व्हेनिसच्या राज्यसभेकडे रवाना केली. घरातून पळालेल्या मुलाने आयुष्याची कमाई शेवटी जन्मगावाच्याच स्वाधीन केली. १७२० च्या सुमारास तो भारतातच वारला. १९०७-०८ मध्ये त्याचा ग्रंथ इंग्रजीत चार खंडांत प्रसिद्ध झाला.

त्याच्या ग्रंथात डोळ्यांनी पाहिलेले व बाजारात ऐकलेले एकत्र आले आहे. इतिहासकार ते निवडून घेतात. मुलांपुढे उभे राहणाऱ्या शिक्षकानेही ही निवड करावयास शिकले पाहिजे. आणि पडत्या काळात धन्याला न सोडणारा हा तोफची मुलांना जरूर सांगावा.