दिवा आणि वही



परिचारिका म्हटले की फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आठवते. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी ही कनवाळू स्त्री आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मात्र दिव्याइतकीच तिची वहीही महत्त्वाची होती, आणि त्या वहीचा आपल्या भारताशी जवळचा संबंध आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात तिचा जन्म झाला. वडिलांनी तिला घरीच शिकवले. गणिताची तिला विशेष ओढ होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, देव आपल्याला सेवेसाठी बोलावीत आहे अशी तिची खात्री झाली. त्या काळी रुग्णसेवा हे हलके काम समजले जाई. घरच्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला, तिचा निर्धारही टिकला. ती अँग्लिकन पंथाची, तरी पॅरिसमधील कॅथलिक धर्मभगिनींचे काम तिने जवळून पाहिले.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांना घेऊन ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. त्यांतील मदर मेरी क्लेअर मूर तिच्या जन्मभराच्या मैत्रीण झाल्या. सर्वांनी जिवापाड सेवा केली. स्वच्छ कपडे आले, बरे अन्न मिळू लागले. तरीही माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरामागे सुमारे ४२ झाले. मार्चमध्ये आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, पाणी आणि हवा यांची व्यवस्था सुधारली. काही महिन्यांत हे प्रमाण शंभरामागे दोनपर्यंत उतरले.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने तिने सगळे आकडे मांडले. जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक सैनिक दगावले होते, आणि ते रोग टाळता आले असते. हे सत्य तिच्या स्वतःच्या रुग्णालयालाही लागू होते, तरी तिने ते झाकले नाही. उलट १८५८ मध्ये कोणालाही कळतील अशा रंगीत आकृत्या काढून ते राज्यकर्त्यांपुढे ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने तिला सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

मग तिचे लक्ष भारताकडे वळले. १८५९ मध्ये भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. ती स्वतः अंथरुणाला खिळलेली होती, भारतात कधी येऊ शकली नाही. पण तिने प्रश्नावली तयार करून इथल्या लष्करी ठाण्यांना पाठवली: पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, किती आजारी पडतात, किती मरतात? उत्तरांचे ढीग तिने वाचून काढले. १८६३ च्या अहवालातून दिसले की दर वर्षी हजारामागे ६९ सैनिक मरत होते. सुधारणा सुरू झाल्या, आणि हे प्रमाण १८ वर आल्याचे तिने १८७३ मध्ये मांडले.

सुरुवातीला तिची नजर छावणीपुरती होती. हळूहळू तिला उमगले की शेजारचा बाजार आणि गाव आजारी असेल तर छावणी निरोगी राहणार नाही. पुढे ती दुष्काळ, पाटबंधारे आणि रयतेचे हाल यांवर लिहू लागली. ग्रामस्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिने पत्रव्यवहार केला.

१८६० मध्ये तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा सुरू केली. १८७१ मध्ये तिने बाळंतिणींच्या मृत्यूंवर पुस्तक लिहिले. घरच्या बाळंतपणापेक्षा रुग्णालयातच अधिक माता दगावतात, हे त्यात तिने आकड्यांनी दाखवले. १३ ऑगस्ट १९१० रोजी तिचे निधन झाले. राष्ट्रीय सन्मानाचे दफन कुटुंबाने नाकारले. तिच्या थडग्यावर नावाची केवळ आद्याक्षरे आणि तारखा आहेत.

धर्मविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट मनावर ठसते: दुसऱ्याचे भले करायचे तर ते कशात आहे हे आधी जाणावे लागते. प्रीती आणि सत्य यांची फारकत झाली की सेवा आंधळी होते. स्कुटारीत प्रीती कमी पडली नव्हती, ज्ञान कमी पडले.

आपल्या देशात परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाला, पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीत. तरीही परिचारिकेकडे आपण सांगितलेले काम करणारे दोन हात म्हणूनच पाहतो. रुग्णाजवळ रात्रभर तीच असते. कोणता रुग्ण का बरा होत नाही, हे बहुधा तिला प्रथम जाणवते. तिचा प्रश्न ऐकणारे कोणी नसेल, तो नोंदवून तपासायला तिला वेळच नसेल, तर तोटा रुग्णाचाच होतो.

आपल्या घरातील मुलगी परिचारिका असेल आणि तिला पुढे शिकायचे, संशोधन करायचे असेल, तर नोकरी लागली, आता पुरे, असे तिला म्हणू नका. आपली रुग्णालये चालवणाऱ्यांनीही आपल्या परिचारिकांना अभ्यासासाठी आठवड्याचे काही तास मोकळे द्यावेत. रुग्णांसाठी प्रार्थना करताना त्यांची सेवा करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करू या. प्रभू त्यांच्या हातांना माया देवो, आणि प्रश्न विचारण्याचे धैर्यही देवो.