जळत्या जहाजावरचा अधिकारी : जोसेफ कॉनरॅड



आपण नाशिककर समुद्रापासून दूर राहतो. तरी ज्या घरातला मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, त्या घराला त्याच्या फोनची वाट पाहणे म्हणजे काय ते ठाऊक असते. इंग्रजीतील थोर कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड हेही आधी मालवाहू जहाजावरचे अधिकारी होते. भर समुद्रात त्यांचे जहाज जळाले. ते वाचले आणि पुढच्या वर्षी आपल्या मुंबई बंदरातून पुन्हा प्रवासाला निघाले.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी आजच्या युक्रेनमधील बर्डीचिव येथे एका पोलिश कॅथलिक कुटुंबात झाला. पोलंडवर तेव्हा परक्यांचे राज्य होते. स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या वडिलांना रशियन सरकारने १८६२ मध्ये हद्दपार केले. पत्नी व लहानगा मुलगा त्यांच्यासोबत गेले. थंडी आणि हालअपेष्टांत आईला क्षय झाला व १८६५ मध्ये ती वारली. १८६९ मध्ये वडीलही गेले. अकरा वर्षांच्या या पोरक्या मुलाला मामाने सांभाळले.

१८७४ मध्ये तो फ्रान्समधील मार्सेय बंदरात गेला आणि खलाशी झाला. १८७८ मध्ये इंग्रजी जहाजावर आला, तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. तरी दोन वर्षांत त्याने सेकंड मेटची परीक्षा दिली व तो पास झाला.

१८८१ मध्ये कॉनरॅड ‘पॅलेस्टाइन’ या जुन्या शिडाच्या जहाजावर सेकंड मेट म्हणून लागले. जहाज कोळसा घेऊन इंग्लंडहून बँकॉकला निघाले होते. वादळात त्याला गळती लागली व ते परत फिरले. दुरुस्तीत कित्येक महिने गेले. अखेर सप्टेंबर १८८२ मध्ये ते पुन्हा निघाले.

बंद जागेत साठवलेला कोळसा हवेच्या संपर्काने आपोआप तापतो आणि कधी कधी पेटतो. मार्च १८८३ मध्ये सुमात्राजवळ तसेच घडले. खलाशांनी पाणी ओतले, कोळसा समुद्रात फेकला. पण १४ मार्चला स्फोट होऊन डेक उडाले. आणखी काही करण्यासारखे उरले नाही, तेव्हाच सर्वजण होड्यांत उतरले. एका होडीची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या कॉनरॅड यांच्यावर होती. सर्वजण बांका बेटावर सुखरूप पोहोचले. सिंगापूरला चौकशी झाली. तीत अधिकारी व खलाशी यांच्यावर कोणताही ठपका आला नाही.

एप्रिल १८८४ मध्ये मद्रासला कप्तानाशी न पटल्याने त्यांची नोकरी सुटली. ते मुंबईला आले आणि ‘नार्सिसस’ जहाजावर सेकंड मेट झाले. पुढच्या दोन्ही परीक्षांत ते एकेकदा नापास झाले, पण पुन्हा बसले. १८८६ मध्ये त्यांना कप्तानाचे प्रमाणपत्र मिळाले.

१८९४ मध्ये त्यांनी समुद्र सोडला व लेखणी धरली. ‘पॅलेस्टाइन’च्या आगीवर त्यांनी ‘यूथ’ ही कथा लिहिली. १९०० च्या ‘लॉर्ड जिम’ कादंबरीमागे मात्र दुसऱ्याच जहाजाची हकीकत आहे. १८८० मध्ये ‘जेद्दा’ हे जहाज हजच्या सुमारे हजार यात्रेकरूंना घेऊन चालले होते. जहाज बुडणार असे वाटून कप्तान व काही अधिकारी होडीतून निघून गेले. ते एडनला पोहोचले आणि जहाज बुडाल्याचे त्यांनी सांगितले. पण ते बुडाले नव्हते. दुसऱ्या जहाजाने ते ओढत एडनलाच आणले. कादंबरीतला जिम अशीच उडी मारतो आणि जन्मभर त्या एका क्षणाचे ओझे वाहतो.

जिमच्या मनातली भीती कॉनरॅड यांना समजली. जळत्या डेकवर ते स्वतः उभे राहिले होते. म्हणूनच त्यांनी जिमची टिंगल केली नाही, आणि त्याची चूक लहानही करून दाखवली नाही. ज्यांची माणसे आपल्या भरवशावर झोपलेली असतात, त्यांनी जागा सोडायची नसते, हे ही कादंबरी सांगते. रात्रपाळीची नर्स, एसटीचा ड्रायव्हर, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली आई यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रौढपणी कॉनरॅड यांचे चर्चला जाणे फारसे राहिले नव्हते. पण ३ ऑगस्ट १९२४ रोजी ते वारले, तेव्हा इंग्लंडमधील कँटरबरी येथे कॅथलिक विधीनेच त्यांना निरोप देण्यात आला.

जुलैचा दुसरा रविवार आपली ख्रिस्तसभा दर्यावर्दींसाठी पाळते. त्या दिवशीच्या मिस्सेत जहाजांवर पहारा देणाऱ्यांची आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांची आठवण ठेवू या.