ठासणीची बंदूक आणि चौशिंग्याची नोंद

नेत्रावळी अभयारण्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, जोयडा तालुक्यातील दिग्गी हे गाव वसले आहे. काळी नदीचे उगमक्षेत्र याच परिसरात आहे आणि आज हा सारा वनप्रदेश काळी व्याघ्र प्रकल्पाच्या नावाने ओळखला जातो. सांबर, चितळ, भेकर आणि इवलीशी पिसोरी हे या रानाचे जुने रहिवासी. घाटमाथ्यापासून धारवाडच्या माळापर्यंत पसरलेल्या मुलखातील अशा प्राण्यांची पहिली शास्त्रशुद्ध यादी सिद्ध केली, ती एका शिकाऱ्याने. सर वॉल्टर एलियट हे त्याचे नाव.

एलियट यांचा जन्म 16 जानेवारी 1803 रोजी एडिंबरो येथे झाला. वुल्फली हे स्कॉटलंडच्या सीमाभागातील त्यांचे घराणे. हेलिबरीच्या महाविद्यालयात शिक्षण घेऊन विशीच्या आतच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास मुलकी सेवेत दाखल झाले. पेशवाई बुडून थोडीच वर्षे लोटली होती. धारवाडसह कृष्णेच्या दक्षिणेकडील मराठी व कानडी मुलूख इंग्रजांच्या दप्तरी दक्षिण महाराष्ट्र देश म्हणून नोंदला जाई. तेथे साहाय्यक अधिकारी म्हणून एलियट यांची नेमणूक झाली.

एकविसाव्या वर्षीच त्यांच्यावर जिवावरचा प्रसंग ओढवला. कित्तूरच्या देसायांचा 1824 मध्ये निर्वंश झाला आणि कंपनीने दत्तकविधान अमान्य केले. राणी चेन्नम्मांनी सामना पुकारला. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या वेशीवर झालेल्या चकमकीत धारवाडचे कलेक्टर थॅकरे ठार झाले. एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन तरुण अधिकारी राणीच्या हाती लागले. सुमारे सहा आठवडे ते किल्ल्यात कैदेत होते. सूड घेणे राणीला सहज शक्य होते. परंतु कैद्यांना इजा झाली नाही आणि डिसेंबरच्या आरंभी त्यांची सुटका झाली. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या फौजेने किल्ला घेतला. राणीची रवानगी बैलहोंगलच्या तुरुंगात झाली आणि 1829 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ज्यांना जीवदान मिळाले, ते पुढे बासष्ट वर्षे जगले.

सुटकेनंतर एलियट 1833 पर्यंत याच मुलखात राहिले. कामावरून मोकळीक मिळाली की त्यांची पावले रानाकडे वळत. तो काळ ठासणीच्या बंदुकीचा होता. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू शिंगातून मोजून नळीत ओतायची, कापडाच्या किंवा कातड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासायची. चकमकीच्या बंदुका मागे पडून टोपीच्या बंदुका येऊ लागल्या होत्या. तरी दमट हवेत दारू सर्दावली की बार फुसका जाई. बार उडाला तर पांढऱ्या धुराचा लोट डोळ्यांसमोर उभा राही आणि गोळी लागली की नाही, हे धूर विरेपर्यंत कळत नसे. दुसरा बार भरेपर्यंत सांबर रानात दिसेनासा होई. म्हणून जनावराच्या अगदी जवळ जाणे भाग पडे आणि ते माग काढणाऱ्या स्थानिक माणसांवाचून साधत नसे. पाणवठा कोठे, उतारावरून जनावर कोणत्या वेळी खाली येते, ओल्या मातीतील खूर भेकराचा की चितळाचा, हे ज्ञान बेरड, धनगर आणि वडार यांच्यापाशी होते.

एलियट यांचे वेगळेपण असे की त्यांनी हे ज्ञान कागदावर उतरवले. मारलेल्या जनावराचे शिंग भिंतीवर टांगून ते थांबले नाहीत. त्याची मापे, रंग आणि सवयी त्यांनी टिपल्या आणि कानडी, मराठी, वडारी अशा बोलींतील नावे शास्त्रीय नावांशेजारी लिहिली. दक्षिण महाराष्ट्र देशातील सस्तन प्राण्यांची त्यांची सूची 1839 मध्ये मद्रासच्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच सूचीत चौशिंगा आहे. हरणासारखा दिसणारा हा प्राणी वस्तुतः गाईगुरांच्या कुळातला. नराला चार शिंगे असतात. परंतु या भागातील नरांची पुढची जोडी नाममात्र उंचवट्याएवढीच असल्याचे एलियट यांना आढळले. त्यावरून त्यांनी त्याला दिलेले नाव दक्षिणेकडील चौशिंग्याच्या उपजातीसाठी आजही प्रचारात आहे. उंदरांच्या बाबतीत तर गावकऱ्यांची बोलीच शास्त्रात गेली. झुडपी उंदराच्या एका प्रजातीला गोलुंडा हे नाव मिळाले ते कानडी शब्दावरून, आणि त्यापुढे एलियट यांचे नाव जोडले गेले.

मात्र ज्यांनी माग दाखवला त्यांची नावे कोणत्याही प्रजातीला मिळाली नाहीत. त्यांच्या वाट्याला दुसरेच काही आले. 1857 च्या उठावानंतर सरकारने निःशस्त्रीकरणाचा कायदा लागू केला. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. हत्यार हे त्यांच्या उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फौज पाठवून गाव जाळण्यात आले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी झाली. त्या वेळी एलियट मद्रासच्या गव्हर्नरांच्या सल्लागार मंडळात होते. हलगली मुंबई इलाख्याच्या कक्षेत येत असल्याने त्या कारवाईशी त्यांचा संबंध नव्हता. तथापि साहेबाची बंदूक साहेबाकडे राहिली आणि रानातल्या माणसाची गेली, हा त्या काळाचा न्याय त्यांच्या चरित्रापासून वेगळा काढता येत नाही. पुढच्याच वर्षी कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा मद्रासमध्ये घोषित करण्याचे काम त्यांच्याकडेच आले.

शिकारीखेरीज त्यांचा व्यासंग विलक्षण होता. कर्नाटकातील 595 शिलालेखांच्या नकला त्यांनी जमवल्या आणि चालुक्यांच्या इतिहासाला त्यातून प्रथमच निश्चित आकार आला. 1845 मध्ये अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन त्यांनी केले. तेथील शिल्पे पुढे लंडनला नेण्यात आली आणि दीर्घकाळ एलियट यांच्याच नावाने ओळखली गेली. ती मूळ भूमीत नाहीत, ही सल आजही आहे. चार्ल्स डार्विन यांना त्यांनी भारतातील पाळीव कबुतरांची कातडी पाठवली आणि 1859 च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात डार्विननी त्यांचा उल्लेख केला. 1860 मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. दक्षिण भारतातील नाण्यांवरचा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला तो उतारवयात, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. धुरापलीकडचे सांबर टिपणाऱ्या त्या डोळ्यांना अखेरीस अक्षरही दिसत नव्हते. इतरांकडून वाचून घेऊन आणि मजकूर सांगून त्यांचे काम चालू राहिले.

1 मार्च 1887 रोजी वुल्फली येथे त्यांचे निधन झाले. त्याच सकाळी त्यांनी तमिळ पंडित जी. यू. पोप यांच्यासाठी एक पत्र सांगून लिहविले. विषय होता तिरुक्कुरळ. ज्या ग्रंथात जीवहत्या आणि मांसाहार टाळण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, तोच.

एलियट यांच्या सूचीतला चित्ता त्या माळरानांवरून नाहीसा झाला. काळवीट आक्रसत आक्रसत मोजक्या कुरणांपुरते उरले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग अधिकृतरीत्या संपवले. दिग्गीच्या रानात सांबर अजून आहे आणि कायदा असूनही चोरून झाडलेल्या गोळीचे भय त्याला अजून आहे. त्या गोळीमागून कोणतीही नोंद उरत नाही. एलियट यांच्या काळ्या दारूनेही जीव घेतले, हे विसरता येत नाही. परंतु आपण काय मारले, ते कोठे राहत होते आणि लोक त्याला काय म्हणत, हे त्यांनी लिहून ठेवले. काय हरवले याचा हिशेब आज मांडता येतो, तो त्या लिखाणामुळेच.