चिमणीने घडवलेला माणूस : डॉ. सलीम अली



पक्षी सप्ताहात आम्ही सर्वांनी मिळून शाळेची भिंत रंगवली, ती तुम्ही पाहिलीच असेल. पहिली-दुसरीने गवत आणि नाकतोडे काढले, तिसरी-चौथीने काळवीट, पाचवी-सहावीने लांडगा. मधला मोठा माळढोक आम्हा सातवीच्या वाट्याला आला. आमच्यापैकी एकानेही तो पाहिलेला नाही. माझ्या आजोबांनी मात्र गुरे राखताना आपल्या सोलापूरच्या माळावर पाहिला होता.

मी माळढोकापुढे तीन अंडी काढली, कोंबडीची असतात तशी! गुरुजींनी पुस्तक उघडून दाखवले. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मग काय, दोन अंड्यांवर मातकट रंग फिरवला. न बघता काढले की असे होते. तेव्हा गुरुजींनी आम्हाला डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडील लहानपणीच वारले. मामा-मामींनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. म्हणून तिला घेऊन सलीम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्डसाहेब रागावले नाहीत. त्यांनी चिमणीचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या दिवसापासून सलीमना पक्ष्यांचे वेड लागले.

पण वेडाने पोट भरत नाही. १९२६ साली त्यांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काम मिळाले. पुढे ते जर्मनीला शिकून आले, तर ती जागाच राहिली नव्हती! मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी तासन् तास न्याहाळली. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन पारखते, आणि पसंत पडले तरच तिथे राहते. आपण सुगरण म्हणतो, ती खरे म्हणजे तो असतो बघा!

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांना वाटे, पण १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आपल्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरी माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. आता साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात. एकच अंडे घालणाऱ्याची संख्या वाढणार तरी कशी?

माझ्याकडेही गलोल होती. मागच्या वर्षी मी तिने एक होला पाडला आणि तसाच टाकून आलो. त्याच्याबद्दल कोणाला काही विचारले नाही, याचे आता वाईट वाटते.

पालकांनो, तुमच्यापैकी कोणी पूर्वी माळढोक पाहिला असेल, तर कुठे आणि कधी ते आम्हाला सांगा. भिंतीजवळच्या खुर्चीवर वही ठेवली आहे. पहिली नोंद माझ्या आजोबांची आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी