विश्लेषण : संमती दिल्याचेच आठवत नसेल तर? ‘एच. एम.’ यांची गोष्ट

मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत ते अनेक दशके ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखले जात. हेन्री मोलेसन हे पूर्ण नाव जगाला कळले ते २००८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. स्मृतिभ्रंशावरील औषधांच्या चाचण्यांत रुग्णांना घेताना संमतीचा जो पेच पडतो, तो त्यांच्या बाबतीत अर्धशतक कायम होता.

शस्त्रक्रियेत काय झाले?

हेन्री यांचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतील कनेटिकट राज्यातला. लहानपणापासून त्यांना फिट येत. पुढे त्या इतक्या वाढल्या की काम करणे अशक्य झाले, औषधेही लागू पडेनात. १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. ही शस्त्रक्रियाही एक प्रयोगच होती. फिट कमी झाल्या, पण नव्या आठवणी साठणे थांबले. बुद्धी शाबूत, बालपण लक्षात. मात्र आत्ताच भेटून गेलेला माणूस परत आला की अनोळखी.

संशोधकांना काय उमगले?

ब्रेन्डा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सरावला, पण हे आपण आधी केले आहे याचा हेन्री यांना पत्ताच नव्हता. हाताचे कौशल्य आणि प्रसंगांची आठवण मेंदू वेगवेगळ्या यंत्रणांनी सांभाळतो, हे त्यातून पुढे आले. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते, त्यामुळे या निष्कर्षांचे मोल मोठे.

मग संमतीचे काय?

हेन्री स्वभावाने शांत, चाचण्यांना सहसा नाही म्हणत नसत. पण सहभागी व्यक्तीला संमती कधीही मागे घेता येते, आणि त्यासाठी ती दिल्याचे आठवावे लागते. पुढे न्यायालयाने त्यांना कायदेशीर पालक नेमला. तो रक्ताच्या नात्यातला नव्हता, यावर पुढे टीका झाली. भारतात २०१९ च्या नियमांनुसार रुग्ण संमती देऊ शकत नसेल, तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते.

हेन्री यांच्या पश्चात मेंदू संशोधनासाठी देण्याचे १९९२ मध्येच ठरले होते. २००९ मध्ये सॅन दिएगो येथे त्याचे २,४०१ पातळ काप करण्यात आले. ते काम जगभरातील लोकांनी इंटरनेटवर थेट पाहिले.