शिंप्याचा मुलगा

मी इतिहासाचा विद्यार्थी. विज्ञान शाखेच्या इमारतीकडे माझे पाऊल वळते ते फार तर सायकल लावण्यापुरते. तरी यंदा एका गणितज्ञावर लिहायला बसलो आहे, आणि त्याला कारण झाला आमच्या घरातला एक जळालेला स्पीकर.

माझा मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तळहाताएवढ्या खोक्यात दोन इंची स्पीकर बसवायचा आणि त्यातून तबला ऐकायचा, हा त्याचा ध्यास. तबल्याची चाट टणटणीत ऐकू येई. डग्गा मात्र कुठे बुडी मारी ते कळत नसे. त्याने इक्वलायझर लिहिला आणि खालचे सूर बारा डेसिबलने उचलले. घुमारा आला खरा, पण दुसऱ्या दिवशी स्पीकर फरफरू लागला आणि तिसऱ्या दिवशी त्याने राम म्हटला. बारा डेसिबल चढवणे म्हणजे जवळजवळ सोळापट वीज लोटणे. शिवाय सूर एक सप्तक खाली गेला, की आवाज तेवढाच ठेवायला पडद्याला चौपट हलावे लागते. एवढासा पडदा हलणार तरी किती?

नवा स्पीकर आणल्यावर त्याने आधी मोजमाप घेतले. समोर मायक्रोफोन ठेवून आलेख काढला. ते सारे करताना एक नाव सारखे त्याच्या तोंडी होते : फूरिये. मी चमकलो. नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीवर नुकतेच ट्यूटोरियल लिहिले होते, आणि कैरोतल्या विद्वत्संस्थेचा चिटणीस म्हणून हेच नाव मी त्यात उतरवले होते. माणूस एकच निघाला.

जोझेफ फूरियेचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी झाला. बाप शिंपी. दहाव्या वर्षाच्या आसपास आई-बाप दोन्ही गेले. बेनेडिक्टाइन साधूंच्या लष्करी शाळेत तो शिकला. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून तो रात्री गणिते सोडवी, असे सांगतात. तोफखान्यात जायची इच्छा होती, पण शिंप्याच्या मुलाला अधिकारी कोण करणार? मग मठात गेला. तिथे १७८९ ची क्रांती आडवी आली आणि शपथ न घेताच तो बाहेर पडला. क्रांतीच्या कामात पडला, १७९४ मध्ये तुरुंगात गेला, आणि रोब्स्पिएरचे डोके उडाले तेव्हा सुटला. पुढे पॅरिसला पॉलिटेक्निकमध्ये थोर गणिती लाग्रांज यांच्या जागी तो शिकवू लागला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

१७९८ ते १८०१ इजिप्त. परत येतो तोच नेपोलियनने त्याला ग्रनोब्लला, ईझेर जिल्ह्याचा प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरासारखा अधिकारी, करून पाठवले. तिथे त्याने दलदली उपसल्या, तुरीनकडे जाणारा रस्ता केला, इजिप्तवरच्या प्रचंड ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. त्याच गावात शिकणाऱ्या शांपोलियाँला सैन्यभरतीतून वाचवायला त्याने शब्द टाकला. आम्हा इतिहासवाल्यांना एवढ्यानेच तो पूज्य ठरावा! आणि ह्या सगळ्या कचेरीच्या रगाड्यात हा गृहस्थ रात्री उष्णतेचे गणित करीत होता.

प्रश्न साधा दिसतो : लोखंडाची कांब एका जागी तापवली, तर ऊब कशी पसरते? फूरिये म्हणाला की तापमानाची रेषा कितीही वेडीवाकडी असो, ती शुद्ध लहरींची बेरीज मानता येते. मग एकेक लहर सुटी घ्यावी. आखूड लहरी झटपट विरतात, लांब लहरी रेंगाळतात. भावाच्या खोक्यात नेमके उलटे घडते : लांब लहरी मरतात, आखूड तेवढ्या शिल्लक राहतात.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा निबंध पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे आला. परीक्षकांत लाग्रांज होते, आणि अडले तेच. कोपरे असलेली, मध्येच तुटलेली रेषा गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून निघेल, हे त्यांना पटेना. निबंध छापला गेला नाही. पुढे ह्याच विषयावर बक्षीस लागले. १८१२ मध्ये ते फूरियेलाच मिळाले, पण सिद्धतेत काटेकोरपणा नाही, असा शेरा मारून. मला आधी ह्याचा राग आला. आमच्या गणिताच्या सरांनी मात्र परीक्षकांची बाजू घेतली : शंका रास्त होती, आणि तिचे समाधानकारक उत्तर डिरिक्ले ह्या तरुणाने १८२९ मध्ये दिले. म्हणजे फूरियेला खरे दिसले होते, सिद्ध करता आले नव्हते. अशा माणसाचे काय करायचे, हे कुठल्याच परीक्षकाला ठाऊक नसते.

ग्रंथ निघाला १८२२ मध्ये. त्याच साली शांपोलियाँने चित्रलिपीचे कोडे सोडवले. त्याच साली फूरिये अकादमीचा कायम सचिव झाला, आणि बक्षीस मिळालेला आपला तो जुना निबंध त्याने पुढे अकादमीच्या ग्रंथात जसाच्या तसा छापवून घेतला. हा हट्ट मला फार आवडतो.

भावाने नंतर काय केले ते सांगतो. ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यांचे फूरिये-गणित १९६५ मध्ये कूली आणि टूकी यांनी दाखवलेल्या जलद रीतीने क्षणात होते. ती रीत गाउसने १८०५ च्या सुमारास टिपून ठेवली होती, हे मागाहून उघड झाले. आलेखात कुठे सूर उगीच वर येतो ते दिसले. तो उंचवटा भावाने कापला. खोल खड्डे बुजवायच्या फंदात तो पडला नाही, कारण मायक्रोफोन बोटभर सरकवला की खड्डाही सरके. प्रत्येक गाळणीला पाचच गुणक : आताचा आकडा, आधीचे दोन, आणि बाहेर पडलेले मागचे दोन, यांची तोलून केलेली बेरीज. तळाचा सूर त्याने सोडूनच दिला. वरचे जोडसूर नीट असले, की कान तो स्वतःच भरून घेतो.

इजिप्तहून आल्यावर फूरियेला थंडी सोसत नसे; तापलेल्या खोलीत तो अंगावर कपड्यांचे थर चढवून बसे. १६ मे १८३० रोजी तो वारला. त्या वर्षी गाल्वा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने अकादमीच्या बक्षिसासाठी निबंध पाठवला होता. सचिव म्हणून फूरियेने तो वाचायला घरी नेला होता. त्याच्या मृत्यूनंतर तो निबंध कागदपत्रांत सापडलाच नाही.